‘ध’चा ‘मा’ केलाय का हो ह्यांनी?

गेल्या अंकात मी विचारलं होतं की आपल्या लाडक्या पुस्तकावर सिरीज निघाली की तुमचं काय होतं ते मोकळेपणाने लिहा. मला वाटलेलं ऐतिहासिक कादंबऱ्यांवरच्या मालिकांबद्दल पत्रं येतील, पण आली ती जवळजवळ सगळी व्हॅम्पायरवाल्यांची. मला मनापासून आनंद झाला कारण मी पण त्याच पुस्तकांवर मोठी झालेय. पहिलं पत्र लांब आहे, पण मी ते कापलेलं नाही. आणि ज्यांनी अजून सिरीज बघितली नसेल त्यांनी जरा जपून वाचा, गोष्टी पुढे फुटणार आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी ४८ वर्षांची, बँकेत आहे, राहायला कर्वेनगरला. १९९७ साली माझा धाकटा भाऊ गेला. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं, त्याला सेकंडहँड बाईक घ्यायची होती आणि थोडे पैसे कमी पडत होते, मी नुकती शिकवण्या घ्यायला लागले होते तर माझ्याकडे मागितले, मी नाही म्हटलं, वर दोन शब्द पण बोलले. संध्याकाळी मित्राच्या गाडीवर मागे बसून येत होता तेव्हा अपघात झाला. दोन-अडीच महिन्यांनी अप्पा बळवंत चौकातून चालत येताना फुटपाथवर मला ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ दिसलं, वीस रुपयांना घेतलं, कव्हर आवडलं म्हणून. त्यातल्या नायकाचा, लुईचा, भाऊ जातो तो भाग मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या वाचला आणि दोन बस सोडल्या. तो पण पैशाला नाही म्हणाला होता हो. त्यानंतर ते पुस्तक मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही, घरात कोणालाच माहीत नाही मला ते का आवडतं, सगळ्यांना वाटतं हिला भुताखेताची आवड आहे.

तर आता माझी भाची, लॉ करतेय, ती म्हणाली मावशी तुझ्या पुस्तकावर सिरीज आलीये चल बघू. लावली तर लुई काळा, काळ १९१०चा, आणि मळ्यांचा मालक नाही तर कोठ्यांचा मालक. वीस मिनिटांत मी म्हटलं बंद कर. हा माझा लुई नाहीच. तर ती पटकन म्हणाली, मावशी तुला काळा हिरो चालत नाही, हे आहे खरं कारण. मी काही बोलले नाही पण रात्रभर झोप लागली नाही. मी तशी आहे का? की खरंच ह्यांनी ‘ध’चा ‘मा’ केलाय?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: तुमचं पत्र वाचलं आणि उठून कपाटातनं माझी प्रत काढली. माझी पण फुटपाथवरचीच, डेक्कनची. आधीच्या मालकाने तिच्यात पेन्सिलीने रेघा मारल्यात, बारीक, पट्टी लावून मारल्यासारख्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या क्लॉडियाच्या, त्या छोट्या व्हॅम्पायर पोरीच्या, पानांवर आहेत, बाकी पुस्तक कोरं. तो किंवा ती कोण होती मला कधी कळणार नाही पण त्या पेन्सिलीवरून एवढं कळतं की त्या माणसाने हे पुस्तक कशासाठी वाचलं. तुमचं पत्र वाचताना मला त्या रेघा आठवल्या. तुमच्या रेघा भावाच्या पानावर आहेत.

तर आपण तिथूनच सुरू करू. पुस्तकात साल आहे १७९१, लुईचे न्यू ऑर्लिन्सजवळ निळीचे मळे आहेत, राबायला गुलाम आहेत, आणि धाकट्या भावाला साक्षात्कार होतात, तो म्हणतो हे सगळं विकून टाक आणि तो पैसा देवाच्या कामाला लाव. लुईला ते वेडेपणाचं वाटतं, तो नाही म्हणतो, आणि भाऊ तिथून निघतो तो जिन्यावरून कोसळून जातो. लोकांना लुईचा संशय येतो, आणि लुईला स्वतःचाच येतो. तो दारू पीत, मरण शोधत फिरायला लागतो आणि अशा माणसाला लेस्टॅट नावाचा व्हॅम्पायर गाठतो आणि आपल्यासारखा करतो. म्हणजे लेस्टॅट भेटायच्या आधीच लुई अर्धा गेलेला असतो. तुम्हाला जे धरून ठेवलं ते हेच ना?

आता सिरीज. तुम्ही वीस मिनिटांत बंद केलीत म्हणजे भावापर्यंत पोचलाच नाहीत. तो प्रसंग पहिल्याच एपिसोडमधे आहे पण बराच पुढे. बहिणीचं लग्न झालंय, पहाट होतेय, दोघं भाऊ घराच्या छपरावर आहेत आणि सूर्य वर येतोय. धाकटा पॉल इथेही देवाचाच आहे, भावाचा धंदा त्याला मान्य नाही, पण त्या पहाटे दोघांमधे भांडण नाही उलट माया आहे. आणि तसंच बोलता बोलता तो छपराच्या कडेवरून पुढे पाऊल टाकतो. एवढंच. किंकाळी नाही, ढॅणढॅण म्युझिक नाही. मी ते बघितलं तेव्हा पॉज करून पाणी प्यायला गेले आणि स्वयंपाकघरातच उभी राहिले बराच वेळ. मळा गेला, जिना गेला, शंभरहून जास्त वर्षं इकडची तिकडे झाली, लुईचा रंग बदलला, पण भाऊ आहे आणि मी त्याला थांबवायला हवं होतं हे आयुष्यभराचं ओझं आहे तसंच आहे.

तुम्ही ‘ध’चा ‘मा’ म्हणालात म्हणून सांगते. शनिवारवाड्याची ती गोष्ट आपण पुणेकर लहानपणापासून ऐकतो, पत्रात ‘नारायणरावांना धरावे’ होतं, त्याचं ‘मारावे’ झालं आणि ३० ऑगस्ट १७७३ला अठरा वर्षांचा पोरगा गेला. अक्षर एकच पण माणूस मेला. मी कुठल्याही सिरीजला हाच प्रश्न विचारते की बाई तू अक्षरं किती बदललीस ते राहू दे, माणूस जिवंत ठेवलास का? लुईच्या बाबतीत माझं उत्तर आहे, ठेवलाय. उलट मला तो सिरीजमधे जास्त कळला. पुस्तकात तो गुलामांचा मालक आहे आणि ते गुलाम आपल्याला फारसे दिसतच नाहीत, मी एकोणिसाव्या वर्षी वाचलं तेव्हा मला हे खटकलंच नव्हतं, पस्तिशीत परत वाचलं तेव्हा फार खटकलं. सिरीजवाल्यांनी तिथेच हात घातला. स्टोरीव्हिल ही न्यू ऑर्लिन्समधली खरीखुरी वस्ती, १८९७ ते १९१७ तिथे हा धंदा कायदेशीर होता. तिथे पैसा कमावणारा काळा माणूस, ज्याच्या पैशावर घर चालतं पण गोऱ्यांच्या टेबलावर ज्याला बरोबरीने बसू देत नाहीत, अशा माणसाला लेस्टॅट येऊन म्हणतो की मी तुला ताकद देतो, तर तो हो का म्हणेल हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि मग त्या दोघांच्या नात्यात, जे पुस्तकात दोन ओळींच्या मधे होतं आणि इथे उघड आहे, कोण कोणाचा मालक हा प्रश्न सतत टोचत राहतो.

आता भाचीचं बोलणं. ते टाळून चालणार नाही आणि तुम्हीही टाळत नाही आहात म्हणून तर लिहिलंत. ह्याच पुस्तकावरचा १९९४चा सिनेमा तुम्ही बघितला असणार. त्यात आर्माँ, तो पॅरिसमधला जुना व्हॅम्पायर, कोण होता? अँटोनिओ बँडेरास, काळेभोर लांब केस, भरदार पुरुष. पुस्तकातला आर्माँ तांबूस केसांचा कोवळा पोरगा आहे, सतरा वर्षांचा वगैरे दिसणारा. तेव्हा तुम्ही वीस मिनिटांत उठून गेला होतात का? गेला असाल तर तुम्हाला चेहरे बदललेलेच सोसत नाहीत, आणि तसे खूप वाचक असतात, त्यात लाज कसली. स्वतः लेखिका ॲन राईसने टॉम क्रूझच्या निवडीला जाहीर विरोध केला होता, हा माझा लेस्टॅट नाही म्हणून, आणि सिनेमा बघितल्यावर तितक्याच जाहीरपणे ‘व्हरायटी’ ह्या सिनेमावाल्यांच्या पत्रात जाहिरात देऊन त्याचं कौतुक केलं. पण तेव्हा बसून राहिलात आणि आता उठलात, तर मग थोडं आत बघायला हवं. भाचीला उत्तर द्यायला नको, आपलं आपल्यालाच कळावं म्हणून. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीपासून पावडरच्या डब्यापर्यंत गोरेपण लहानपणापासून डोळ्यात भरलंय, ते निघायला वेळ लागतो, माझंही सगळं निघालंय असं मी म्हणणार नाही.

आणि ह्याच सिरीजमधला आर्माँ कोण आहे माहितीये? आसाद झमान, बांगलादेशी वंशाचा ब्रिटिश नट. पुस्तकातला आर्माँ कीव्हचा, सिरीजने त्याला दिल्लीत जन्माला घातलं, लहानपणी विकला गेलेला पोरगा, आणि त्याचं पहिलं नाव अरुण. पॅरिसमधल्या शेकडो वर्षं जुन्या व्हॅम्पायरच्या तोंडून अरुण हे नाव ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अरुण म्हणजे उगवतीचा रंग, आणि ते नाव अशा माणसाचं ज्याच्यासारख्यांना उगवता सूर्य मारतो. मूळ पुस्तकात दिल्लीही नाही आणि अरुणही नाही, पण मला हे पुस्तकाच्या विरोधात गेलेलं वाटलं नाही.

अजून एक गोष्ट, तुम्ही पहिलंच पुस्तक पुन्हापुन्हा वाचलंय असं पत्रावरून वाटतं म्हणून सांगते. १९८५ला राईसने दुसरं लिहिलं, ‘द व्हॅम्पायर लेस्टॅट’, आणि त्यात लेस्टॅट स्वतः येऊन सांगतो की लुईने माझ्याबद्दल सांगितलंय ते खरं नाही. म्हणजे पहिल्या पुस्तकावर पहिला हात लेखिकेनेच टाकला, लुईची गोष्ट ही लुईला आठवते तशी गोष्ट आहे हे तिनेच आपल्याला सांगून ठेवलं. सिरीज तोच धागा धरते. मुलाखत दुसऱ्यांदा होतेय, २०२२ साली दुबईत, मुलाखत घेणारा डॅनियल आता म्हातारा झालाय, त्याचे हात थरथरतात आणि तो लुईला अडवतो, पहिल्यांदा तू मला असं नव्हतं सांगितलंस म्हणतो. आठवण कशी बदलते, आपण आपल्या सोयीने कशी बदलतो, काही वेळा आपल्याच त्रासाला कशी जास्त धार लावतो, हे दोन सीझन चालू असतं. तुमच्या त्या सकाळीबद्दलही मला हे विचारावंसं वाटतं, दोन शब्द बोललात म्हणता, ते शब्द खरंच तेवढे कडू होते का, की इतक्या वर्षांत कडू होत गेले?

पण सगळंच मला पटलं असं नाही. क्लॉडिया. इथे मात्र माझं भांडण आहे सिरीजशी. पुस्तकात ती पाच वर्षांची, आईच्या प्रेताजवळ सापडलेली, आणि तिची भीषणता हीच की आत बाई मोठी होत जाते, साठ-पासष्ट वर्षं, आणि हात तेवढेच, मुठीत बाहुली मावेल तेवढे, लोक तिला खाऊ आणि बाहुल्याच देत राहतात. सिरीजमधे ती चौदाची आहे. कारण समजतं, पाच वर्षांच्या पोरीकडून हे काम करून घेणं शक्यही नाही आणि करून घेऊही नये, सिनेमात पण कर्स्टन डन्स्ट पाचाची नव्हती. आणि दोन्ही सीझनच्या दोघी मुलींनी, आधी बेली बास मग डिलेनी हेल्स, जीव ओतलाय. पण चौदाव्या वर्षी अडकणं हे वेगळं दुःख आहे. चौदाची मुलगी खोटं वय सांगून निभावून नेऊ शकते, पाचाची काहीच करू शकत नाही, तिला दार उघडायला पण कोणीतरी लागतं. ॲन राईसची मुलगी मिशेल १९७२ला ल्युकेमियाने गेली, सहाची पण पूर्ण झाली नव्हती, आणि पुढच्या वर्षी हे पुस्तक लिहिलं गेलं. रक्ताचा आजार, आणि मग रक्तावर अमर होणारी तेवढ्याच वयाची पोरगी. ते वय म्हणजे नुसता आकडा नाही, पुस्तकाचा जीव तिथे आहे, म्हणून इथे मी म्हणेन की ‘ध’चा ‘मा’ झाला. तरीही दुसऱ्या सीझनमधे पॅरिसच्या थिएटरमधला तिचा शेवट बघून मी दोन दिवस नीट जेवले नाही हेही सांगते. पुस्तकात आपल्याला तिची फक्त राख सापडते, इथे समोर बघावं लागतं.

तर पहिला एपिसोड पूर्ण बघा. एकटीने नको, भाचीला घेऊनच बघा. आणि छपराचा प्रसंग आला की तिला बाईकच्या पैशांचं सांगा. तिला मामा फोटोतच माहीत असणार.

प्रश्न: ताई, मी फर्ग्युसनला एसवायला आहे. रूममेटचं म्हणणं आहे की खरा व्हॅम्पायर उन्हात जळलाच पाहिजे, ओरिजिनल ड्रॅक्युलापासून तोच रूल आहे, आणि ‘व्हॅम्पायर डायरीज’सारख्या सिरीजने अंगठी घालून उन्हात फिरवून सगळी वाट लावली. मला ती सिरीज आवडते पण मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात काय आहे?
— एक विद्यार्थी

उत्तर: अरे मग दे उत्तर. स्टोकरच्या १८९७च्या पुस्तकात ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमधे फिरतो. दिवसा त्याची ताकद कमी असते, पण तो जळत बिळत नाही. आणि शेवटी मरतो तो पण उन्हाने नाही तर हत्याराने, एकाच्या हातात कुकरी आहे, हो आपली गुरख्यांची कुकरी, आणि दुसऱ्याच्या हातात मोठा सुरा. उन्हाने मरायचं आलं १९२२च्या ‘नोस्फेराटू’ ह्या जर्मन मूकपटातून. त्यांनी स्टोकरच्या गोष्टीचे हक्क घेतलेच नव्हते, नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला, शेवट बदलला आणि पहाटेच्या उजेडात त्याला विरून जाताना दाखवला. स्टोकरची बायको कोर्टात गेली, कोर्टाने १९२५ला सगळ्या प्रिंट नष्ट करा म्हणून सांगितलं, पण काही वाचल्या आणि तो एक बदल एवढा भिनला की आज तुझा रूममेट त्याला ओरिजिनल रूल म्हणतोय. म्हणजे तो ज्याच्या बाजूने भांडतोय तेच मुळात पडद्यावर केलेला बदल आहे.

आणि अंगठीचं म्हणशील तर ती एल. जे. स्मिथच्या १९९१च्या पुस्तकातच आहे, लाजवर्द खड्याची. सिरीजने बदललं ते वेगळंच, एलेना पुस्तकात सोनेरी केसांची आहे, गावाचं नाव दुसरं आहे, धाकटी बहीण आहे तिच्या जागी भाऊ आणला. आणि ह्या लेखिकेची गोष्ट वाच जमलं तर, ही पुस्तकं तिने कंपनीसाठी करारावर लिहिलेली, हक्क तिचे नव्हते, तर २०११ला तिलाच बाजूला काढून दुसऱ्याकडून पुढची पुस्तकं लिहून घेतली, आणि मग तिने स्वतःच्याच पात्रांवर फॅन फिक्शन लिहिलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. आपण फॅन लोक सिरीजवाल्यांवर चिडतो, पण इथे पुस्तकाच्या आतच हे घडलेलं.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी ‘ट्रू ब्लड’च्या पुस्तकांच्या वेड्या, तेराही पुस्तकं आहेत. धाकटी म्हणते सिरीजने पुस्तकांचं वाटोळं केलं. मला सिरीज जास्त आवडते. दर दिवाळीला भांडण होतं. निकाल द्या.
— मोठी बहीण, सिंहगड रोड

उत्तर: निकाल एका नावावर देते, लाफायेत. पुस्तकात हा स्वयंपाकी दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच गाडीत मेलेला सापडतो. सिरीजने तीच गाडी दाखवली, त्यात प्रेत पण दाखवलं आणि पुस्तकं वाचलेल्यांचा जीव घशात आला कारण आपल्याला माहीत होतं कोण असणार, आणि ते निघालं दुसऱ्याच बाईचं. नेल्सन एलिसने लाफायेत असा काही उभा केला होता की त्याला मारणं जमलं नसतं कोणालाच, तो शेवटच्या सीझनपर्यंत राहिला. एलिस २०१७ला गेला, फार लवकर. आणि जेसिका तर पुस्तकात नाहीच, पण तिच्याशिवाय मला ती सिरीज आठवत नाही.

पण धाकटीचं पण ऐका. पुस्तकं सगळी नायिकेच्या, सूकीच्या, तोंडून आहेत. तिला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळे ती थकलेली असते, हॉटेलात टेबलं पुसता पुसता गिऱ्हाइकाच्या डोक्यातली घाण तिला ऐकावी लागते, आणि पहिल्यांदा व्हॅम्पायर भेटतो तेव्हा त्याच्या डोक्यातून काहीच ऐकू येत नाही, शांतता, म्हणून ती त्याच्याकडे ओढली जाते. किती साधं आणि किती खरं कारण आहे प्रेमात पडायचं. सिरीजने तासभर भरायला सगळ्यांच्या गोष्टी वाढवल्या, सात सीझन, ८० एपिसोड, आणि त्या गर्दीत सूकीचा आवाज हळूहळू गेला. चौथ्या सीझननंतर मला ती तिच्याच गोष्टीत पाहुणी वाटायला लागली. तेव्हा पहिले चार सीझन तुमचे, बाकी धाकटीचे. ह्या दिवाळीला तिला आधी फराळ वाढा.

प्रश्न: मी ७४ वर्षांचा, सदाशिव पेठेत राहतो. एकेकाळी वाचनालयात नंबर लावून नारायण धारपांची पुस्तकं नेत असे. परदेशी रक्तपिपासूंचे एवढे कौतुक चालले आहे, आमच्या ‘लुचाई’वर मालिका का नाही? आणि आपल्याकडे असे काही नव्हतेच का?
— एक जुना वाचक

उत्तर: काका, तुम्ही ‘लुचाई’चं नाव काढलंत आणि मला शाळेतली मे महिन्याची सुट्टी आठवली, दुपारी माजघरात वाचायला घेतलेली, संध्याकाळ झाली तरी उठून दिवा लावायचा धीर होत नव्हता. धारप आपल्या पुण्याचेच, १९२५चा जन्म. आणि गंमत बघा, ‘लुचाई’चा सांगाडा मूळचा स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा. गाव आपलं झालं, माणसं आपली झाली, बोलणं आपलं झालं, आणि आपण कोणी तक्रार केली नाही कारण भीती अस्सल होती. त्यामुळे बदल केला की पाप झालं असं मी कधी म्हणू शकत नाही, मला वाचायची गोडीच अशा बदललेल्या पुस्तकाने लावलीय.

मालिकेचं म्हणाल तर मला मनापासून हवीये. ‘तुंबाड’ आला २०१८ला, त्याचं बीजही धारपांच्याच कथेत आहे, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. ‘रात्रीस खेळ चाले’ तीन भाग चालली. म्हणजे बघणारे आहेत. फक्त रोज रात्री अर्धा तास असं वर्षभर ताणून धारप होणार नाहीत, त्यांची भीती घट्ट विणलेली आहे, सहा-आठ भागांत संपवायला हवी. कोणी करणारा हे वाचत असेल तर वाडा खरा घ्या, दिवा मंद ठेवा आणि पार्श्वसंगीताला आवर घाला.

आणि आपल्याकडे काय होतं म्हणता, तर वेताळ. रिचर्ड बर्टनने १८७०ला वेताळपंचविशी इंग्रजीत नेली तेव्हा नावातच वेताळाचा व्हॅम्पायर केला. खरं तर आपला वेताळ रक्त नाही पीत. तो प्रेतात शिरून झाडाला उलटा लोंबकळतो, विक्रमाच्या खांद्यावर बसतो आणि गोष्ट सांगतो, आणि गोष्टीच्या शेवटी असा प्रश्न टाकतो की राजाला गप्प बसवत नाही. मला लुई आणि त्याची मुलाखत घेणारा तो टेपरेकॉर्डरवाला पोरगा बघताना दर वेळी हेच आठवतं. रात्रभर मेलेला बोलतोय आणि जिवंत ऐकतोय. फक्त इथे प्रश्न जिवंत माणसाने विचारायचे असतात.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची आहे, मैत्रिणींकडून ऐकून ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ सिरीज बघायची म्हणून हट्ट धरलाय. दाखवू का?
— एक आई, औंध

उत्तर: नाही. ती मोठ्यांची सिरीज आहे, रक्त तर आहेच पण घरातली मारहाण आहे, आणि ती जास्त भीतीदायक आहे. अजून पाच-सहा वर्षं जाऊ देत. पण नुसतं नाही म्हणून सोडू नका, तिला भीतीची गोडी लागलीये आणि ती चांगली गोडी आहे. वेताळपंचविशी आणा, रोज रात्री एक गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि शेवटचा प्रश्न आला की पुस्तक मिटून तिला विचारा, बघा काय उत्तर देते. पंचवीस गोष्टी झाल्या की एखाद्या रविवारी पहाटे तिला वेताळ टेकडीवर न्या, वर त्याचं देऊळ आहे.